पेवातलं धान्य, उतरंडीतलं बी

मंगळवेढ्याचं नाव निघालं की दामाजीपंतांची गोष्ट निघणारच. दुष्काळ पडला, माणसं अन्नान्न करून मरायला लागली, तेव्हा बिदरच्या बादशहाच्या या कारभाऱ्यानं सरकारी कोठारं रयतेला खुली केली, आणि पुढं पांडुरंगानंच दरबारात जाऊन त्या धान्याचे पैसे भरले. आमची आज्जी ही गोष्ट वर्षातनं चार-दोन वेळा तरी सांगायची आणि सांगून झाली की हमखास एक शंका काढायची. "पंतानं पोटाला दिलं, ब्येस केलं. पर म्होरल्या साली लोकांनी पेरलं काय?"

गोष्टीत याला उत्तर नाही. पुढं मी शेतकीची पदविका केली, दुष्काळांचे जुने अहवाल वाचले. त्यात धान्याचे भाव, मेलेली जनावरं, सारा-माफी, खडी फोडायला आलेल्या माणसांची संख्या असं सगळं सापडतं. बियाण्याबद्दल एखादी ओळ असते. पण दुष्काळ संपतो तो पहिल्या पावसानं नाही, पहिल्या सुगीनं संपतो, आणि त्या दोन्हींच्या मधे घरात बी लागतं. आज्जीला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिनं दोन-तीन मोठे दुष्काळ अंगावर काढले होते, एवढंच.

आमच्या भागात पूर्वी धान्य पेवात ठेवत. पेव म्हणजे जमिनीत खणलेली खोल कोठी, तोंड अरुंद आणि पोट मोठं. आतून कडब्यानं, भुसानं अस्तर द्यायचं, ज्वारी ओतायची, वर फरशी ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. पाण्याची पातळी खोल आणि जमीन कोरडी असली की अशा पेवात ज्वारी वर्षानुवर्षं टिकायची. टिकायचं कारण मोठं गमतीचं आहे. दाणा श्वास घेतो, दाण्यातला किडाही श्वास घेतो. बंद पेवात हळूहळू प्राणवायू संपतो, कर्बवायू साठतो आणि किडा गुदमरून मरतो. माणूसही मरू शकतो. म्हणून पेव फोडलं की आधी तोंड उघडं टाकायचं, मग दोरीला बांधून दिवा खाली सोडायचा. दिवा विझला तर कुणी आत उतरायचं नाही. हा नियम न पाळल्यानं माणसं गेल्याच्या गोष्टी आमच्याकडं गावोगाव आहेत.

पेवातनं काढलेल्या ज्वारीला एक कुबट वास असायचा. कडेची ज्वारी काळी पडून वाया जायची. मधली भाकरीला चांगली. पण ती पेरायची नाही. का, म्हणून विचारलं तर म्हातारी माणसं म्हणायची, "तिचा जीव गेल्याला असतोय." खायचं धान्य आणि पेरायचं बी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एकाच कणसातनं आल्या तरी. आमच्या घरात या दोन्हींच्या जागा वेगळ्या, त्यांना हात लावायचा हक्क असलेली माणसंही वेगळी. पेवाचा आणि पुढं पेव बुजवल्यावर कणगीचा कारभार आण्णांकडं, म्हणजे आजोबांकडं. बियाण्याला मात्र आण्णांनी विचारल्याशिवाय हात लावलेला मी पाहिला नाही.

बी निवडायचं काम काढणीच्या आधी व्हायचं. माघात ज्वारी पिवळी पडायला लागली की आज्जी दोन सुनांना घेऊन उभ्या रानात शिरायची. भरगच्च कणीस, ताठ ताट, रोग नाही, दाणा मोत्यासारखा. नुसतं मोठं कणीस दिसलं म्हणून ती घ्यायची नाही. शेजारी ताट मेलेलं असेल, म्हणजे याला जागा नि ओल जास्त मिळालेली असेल, तर ते कणीस सोडून द्यायची. चारी बाजूनं दाटी असूनही जे वर आलंय तेच घ्यायचं. शेतकी शाळेत निवडीचा धडा शिकवला तेव्हा गुरुजींनी हीच गोष्ट फळ्यावर आकृती काढून सांगितली.

ही कणसं खळ्यावर जायची नाहीत. घराच्या आढ्याला, चुलीच्या धुराच्या वाटेवर पण आचेपासून लांब, जुड्या करून टांगायची. चैत्रात खाली काढून हातानं बडवायची, वैशाखाच्या उन्हात सकाळच्या वेळी पातळ पसरून वाळवायची. मग गोवरीची राख चाळून तिच्यात दाणे घोळायचे, मधे कडुनिंबाचा वाळला पाला, आणि मडक्यात किंवा लहान कणगीत भरून तोंड शेणमातीनं बंद. तुरीला लाल मातीचा लेप, हरभऱ्याला एरंडीच्या तेलाचा हात. दोडका-भोपळ्याचं बी वाळल्या भोपळ्याच्या कवटीत. उतरंडीत खालनं तिसरं मडकं कशाचं, हे अंधारातही तिला ठाऊक असायचं.

यातलं बरंचसं शास्त्राला धरून आहे. राखेचे बारीक कण किड्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडतात आणि किडा कोरडा पडून मरतो. वाळवण्याचं महत्त्व तर त्याहून मोठं. कॅलिफोर्नियातले हॅरिंग्टन नावाचे बियाणेशास्त्रज्ञ होते, त्यांनी एक ढोबळ हिशेब मांडून ठेवलाय. दाण्यातली ओल एक टक्क्यानं उतरवली की बियाण्याचं आयुष्य दुप्पट होतं. साठवणीची जागा पाचेक अंशांनी थंड केली की पुन्हा दुप्पट. हा हिशेब ओल पाच ते चौदा टक्क्यांच्या दरम्यान असेपर्यंत चालतो. म्हणजे बारा टक्के ओलीची ज्वारी दहावर आणली की तेच बी चौपट टिकतं, एक पैसा खर्च न करता, नुसत्या वैशाखाच्या उन्हावर. पेवात याच्या उलट. जमिनीची दमट ऊब, वर दाण्याच्या श्वासाची वाफ. किडा मरतो, भाकरी वाचते आणि कोंब मरतो.

पण जुनं ते सगळं शहाणपणाचं, असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसत नाही. काणीचंच बघा. ज्वारीच्या कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरलेली असते, ती काणी. तिचे बीजकण दाण्याला बाहेरून चिकटून राहतात आणि बी उगवलं की त्याच्यासोबत आत शिरतात. खळ्यावर एक काणीचं कणीस मळलं गेलं की सगळी रास बाटली. राखेनं काणी जात नाही, धुरानं जात नाही. लोक काणीला दैवाचा फेरा म्हणत. मुंबई इलाख्याच्या शेतखात्यानं आधी मोरचुदाच्या पाण्यात बी भिजवायला शिकवलं आणि नंतर गंधकाची भुकटी आणली. किलोला चार ग्रॅम गंधक, चोळायला अर्धा तास. इतक्या स्वस्तात इतकं पीक वाचवणारी दुसरी गोष्ट कोरडवाहू शेतीत मला तरी ठाऊक नाही. आज्जीनंही ती निमूट उचलली. कणसं आधीच वेगळी काढण्याच्या तिच्या पद्धतीनं काणी थोडी कमी व्हायची, पण गंधकानं ती गेलीच.

ज्याच्या घरात बी नाही त्याला ते कुठंतरी मागावं लागायचं. मागायचं म्हणजे सावकाराकडं. पेरणीला एक मण घेतलं तर सुगीला सवाईनं किंवा दिढीनं परत. दिढी म्हणजे सहा महिन्यांत दीडपट. आणि मिळायचं ते बहुतेक पेवातलं किंवा राशीतलं, दहा रानांतलं मिसळलेलं. निम्मं उगवायचं, पण वाढीदिढी मात्र पूर्ण मणावर. १८७५ साली सुप्यापासून पेटलेल्या दंग्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले, ते अनेकांनी शाळेत वाचलेलं असेल. त्या कर्जांत रोख रकमेबरोबर बी-बेवळ्याचं, पोटगीचं धान्यही असायचं. सरकारनं मग १८८३ मध्ये जमीन सुधारणेच्या कर्जाचा कायदा केला आणि १८८४ मध्ये बी-बैलांसाठी शेतकऱ्यांना कर्ज देण्याचा. यालाच आपण तगाई म्हणतो. मातीला एक कायदा आणि बियाण्याला एक, एका वर्षाच्या अंतरानं. पुढच्या शंभर वर्षांत या दोन गोष्टी सरकारच्या दप्तरात वेगवेगळ्याच राहिल्या. रानात त्या कधीच वेगळ्या नव्हत्या.

मातीची गोष्ट अशी. सोलापूरचा पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि सरासरी या शब्दावर आमच्याकडं कुणाचा विश्वास नाही. ज्वारी रब्बीची. म्हणजे जून ते सप्टेंबर रान मोकळं ठेवायचं, पाणी पोटात घ्यायचं आणि भाद्रपद-आश्विनात पेरून त्या साठवलेल्या ओलीवर माघापर्यंत पीक काढायचं. काळी माती पाणी धरते म्हणून हे जमतं. पण नेमक्या पावसाच्या दिवसांत जमिनीवर हिरवं पान नसतं. उघड्या मातीवर वळीव आदळतो, वरचा मऊ थर सुटतो आणि गढूळ पाणी ओढ्याला लागतं. आण्णा म्हणायचे, "वढ्याला पानी न्हाई वाहत, आमचं रान वाहतंय."

हे वाहणारं रान मोजायचं काम पुण्याजवळ मांजरीला १९२३ मध्ये कोरडवाहू संशोधन सुरू झालं त्यातनं पुढं आलं. १९३३ पासून सोलापूर आणि विजापूरला स्वतंत्र केंद्रं झाली. ना. वि. कानिटकर हे या कामातलं मोठं नाव. हिंदुस्थानातल्या कोरडवाहू शेतीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९४४ मध्ये निघालं. सोलापूरच्या केंद्रात उतारावर वाफे पाडले होते. कुठं गवत राखलेलं, कुठं पीक, कुठं नुसतं मोकळं रान. प्रत्येकाच्या पायथ्याशी वाहून आलेलं पाणी आणि गाळ धरून मोजायची सोय. गवताखालची माती जागच्या जागी राहते आणि मोकळ्या रानाची जाते, हे शेतकऱ्याला दिसत होतं. पण किती जाते ते शेराच्या हिशेबात कुणी सांगितलं नव्हतं. डोळ्यांना दिसणं आणि तराजूत पडणं यात फरक आहे. तराजूत पडल्याशिवाय सरकार हलत नाही.

या संशोधनातून जी पद्धत निघाली तिला मुंबईची कोरडवाहू पद्धत म्हणत. समपातळीचे बांध घालायचे, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, शेणखत, दोन ओळींत दीड फूट अंतर, बी कमी टाकायचं आणि तीन-चार कोळपण्या करून जमिनीच्या भेगा बुजत ठेवायच्या. उत्पन्न वाढलं ते थोडंच, साधारण पंधरा-वीस टक्के, तेही मुळात एकरी एक-दीड क्विंटलच्या पिकावर. त्यामुळं शेतकऱ्यांनी त्यातलं जे परवडलं ते घेतलं, बाकीचं सोडलं. मला या यादीतली सगळ्यात महत्त्वाची वाटते ती बी कमी टाकायची सूचना. जमिनीत ओल मोजकी, ताटं जास्त झाली तर सगळीच मरतात, म्हणून एकराला चार किलो बी पुरे. पण चार किलोवर पेरायचं म्हणजे प्रत्येक दाण्यावर भिस्त ठेवायची. मिसळलेलं, म्हातारं बी असेल तर शेतकरी मूठ सैल सोडणारच. माती वाचवायचा उपाय असा थेट उतरंडीतल्या मडक्यापाशी येऊन थांबतो.

१९४२ मध्ये मुंबई सरकारनं जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला आणि बांधबंदिस्ती गावाच्या गावावर होऊ लागली. अडचण होती ती हद्दींची. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास करून १९१७ मध्ये छापला. त्यात त्या गावातली सरासरी धारणा १७७१ मध्ये चाळीस एकर होती ती १९१५ च्या सुमारास सात एकरांवर आल्याचं दाखवलं होतं. आमच्याकडं तुकडे इतके लहान नव्हते, पण वाटण्या उभ्याच पडायच्या, उताराच्या दिशेनं, म्हणजे प्रत्येक भावाला वरचं हलकं आणि खालचं भारी दोन्ही मिळावं. समपातळीचा बांध हा आडवा जाणार. चौघा भावांच्या पट्ट्या कापत जाणारा बांध कुणी घालायचा, कुणी राखायचा? कायद्यात उत्तर होतं, चावडीवर नव्हतं.

बियाण्याच्या बाजूनं त्याच काळात मोहोळच्या केंद्रात एक काम झालं, त्याचं देणं आम्ही आजही खातो. गावठी मालदांडीतून निवड करत करत मालदांडी ३५-१ हा वाण १९३० च्या दशकात निघाला. ही संकरित जात नव्हती. आज्जी रानात जे करायची तेच शिस्तीनं, नोंदी ठेवून, ओळी वेगळ्या पेरून केलेलं होतं. म्हणून तिचं बी घरात राखता येत होतं. १९६४ मध्ये सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी आली. ठेंगणी, शंभरेक दिवसांची, खरिपाची. ती जिथं रुजली तिथं पोती भरली हे खरं. पण तिचं बी दर वर्षी विकत घ्यायचं, दाणा पावसात सापडला की काळा पडायचा आणि कडबा बुटका. रब्बीच्या काळ्या रानात तिचं आणि तिच्या भावंडांचं फारसं जमलं नाही. हायब्रीडनं महाराष्ट्र पादाक्रांत केला असं लिहिणाऱ्यांनी एकदा मंगळवेढ्याच्या शिवारात पौषात यावं.

तर या सगळ्यावर बाहत्तर सालचा दुष्काळ आला.

त्याच्या आधीची दोन वर्षंही धड नव्हती. बाहत्तरच्या माघात जी ज्वारी निघाली ती गुडघ्याएवढ्या कडब्यावर, दाणा बारीक. खरिपाचा पाऊस आलाच नाही, रब्बी पेरलीच नाही. मी तेव्हा अकरा वर्षांचा. पुढच्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. आमच्या घरातली पाच. रस्ता, पाझर तलाव आणि मग आमच्याच शिवारात बांधबंदिस्ती. रेशनला अमेरिकेची लाल मिलो यायची. तिची भाकरी थापताना फुटायची आणि खाल्ली की पोटात दगडासारखी बसायची. शाळेत सुकडी.

घरात बियाण्याची एक कणगी होती, मालदांडीची, बारा एकर पेरून दुबार पेरणीलाही हात राहील एवढी. आणि उतरंडीत एक मडकं होतं, दोन पायल्यांचं, गूळभेंडीचं. गूळभेंडी म्हणजे हुरड्याची ज्वारी. हिचा कोवळा दाणा गोड आणि बोंडातनं अलगद सुटणारा. मालदांडीच्या रानात हिच्या दोन-चार ओळी टाकायच्या, हुरड्यापुरत्या. बाजारात तिला भाव नाही म्हणून कुणी जास्त करायचं नाही, आणि म्हणूनच तिचं बी घराबाहेर मिळायचं नाही. आमची गूळभेंडी आज्जीच्या माहेरहून आलेली.

चैत्रात धाकटी काकू बाळंत झाली. तिला मिलो पचेना. तात्या, म्हणजे माझे वडील, आज्जीला म्हणाले, "आये, बी काढ की आता. मानसं जगली तर पेरतील."

आज्जी दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मालदांडीची कणगी फोडली आणि निम्मं बी राख धुऊन काकूसाठी आणि आम्हा पोरांसाठी दळायला काढलं. गूळभेंडीच्या मडक्याकडं आण्णांनी बघितलं तेव्हा म्हणाली, "मालदांडी तालुक्याला मिळंल. हिचं बी कोन देनार हाय?" तेवढं बोलून तिनं मडकं स्वतःच्या उशाशी नेऊन ठेवलं. भुकेच्या घरात असा हिशेब करता येणं ही मला आजही साधी गोष्ट वाटत नाही. कुठलं बी गेलं तर परत आणता येईल आणि कुठलं गेलं तर कायमचं जाईल, या प्रश्नावर आज मोठमोठ्या संस्था चालतात.

त्र्याहत्तरला पाऊस झाला. भरपूर झाला. घट बसवायच्या वेळी आज्जीनं रानातली माती आणून पत्रावळीवर पसरली, त्यात सात धान्यं पेरली, त्यात एका बाजूला चिमूटभर गूळभेंडी. घटाला प्रयोगशाळा म्हणणं जरा ओढूनताणून होतं. ती देवीची पूजा आहे. पण रब्बीच्या पेरणीच्या तोंडावरच ती येते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी बायका कुठला कोंब जोरात आलाय ते बघतातच. मालदांडी तरारून आली. गूळभेंडी मागं राहिली, फिकी, बारीक. आज्जीनं मग ओल्या गोणपाटात शंभर दाणे मोजून गुंडाळले. दहा-दहाच्या ओळी. अठ्ठावन्न फुटले, तेही कुणी तिसऱ्या दिवशी, कुणी सहाव्या.

याचा अर्थ मला पुढं शिकताना कळला. बियाण्याची उगवण आणि बियाण्याचा जोम या दोन गोष्टी आहेत. उगवण म्हणजे सगळं मनासारखं असताना, ओल, ऊब, हवा मिळाल्यावर किती दाण्यांना कोंब येतो. पिशवीवर छापतात तो आकडा हा. ज्वारीच्या प्रमाणित बियाण्याला किमान पंच्याहत्तर टक्के लागतो. जोम म्हणजे परिस्थिती वाकडी असताना किती दाणे माती फोडून वर येतात. बी म्हातारं व्हायला लागलं की पहिल्यांदा जोम जातो, उगवण नंतर. पेशींची पापुद्र्यासारखी आवरणं झिरपायला लागतात, दुरुस्तीला वेळ लागतो, कोंब उशिरा आणि अशक्त निघतो. प्रयोगशाळेत जोम तपासायला बी मुद्दाम म्हातारं करतात: चाळीस-पंचेचाळीस अंशांची ऊब, शंभर टक्क्यांच्या जवळ दमट हवा, दोन-तीन दिवस. मग पेरून बघतात. आमच्या गूळभेंडीनं हीच परीक्षा सावकाश दिली होती. नेहमी एक उन्हाळा काढणाऱ्या बियाण्यानं दोन काढले होते, आणि मुळात दाणाच दुष्काळात भरलेला, बारीक.

पेरायची कुठं, यावरनं घरात वाद झाला. दुष्काळी कामात आमच्या खालच्या पट्टीला नवा बांध पडला होता. तात्यांचं म्हणणं, बांधाच्या वरच्या अंगाला गाळ बसलाय, ओल दांडगी आहे, अशक्त बी तिथंच लावावं. आज्जीचं म्हणणं, वरच्या जुन्या तालीजवळ, जिथं पाणी थांबत नाही तिथं. शेवटी निम्मं-निम्मं झालं. मूठ दुप्पट धरून.

बांधापाशी भाद्रपदात आठ-आठ दिवस पाणी तुंबलेलं होतं. काळी माती पाणी पिते पण सोडत नाही. पेरताना वरनं वापसा दिसत होता, खाली चिखल होता, आणि पेरणीनंतर आणखी एक सर आली. मातीनं वर पापडी धरली. त्या पट्टीत गूळभेंडीची दहा-वीस ताटंसुद्धा उभी राहिली नाहीत. दाणे उकरून बघितले तर कोंब आतच वाकडा होऊन कुजलेला. मालदांडीचं ताजं बी, तालुक्यातनं आलेलं, त्याच पट्टीत विरळ का होईना आलं. वर तालीपाशी गूळभेंडी तीन दाण्यांत एक याप्रमाणं उगवली. ओळीत फूटफूट, दोन-दोन फूट मोकळं.

बांधाबद्दल इथं एक गोष्ट बोलली पाहिजे. हलक्या, मुरमाड रानात समपातळीच्या बांधांनी चांगलं काम केलं. भारी काळ्या रानात मात्र त्यांच्यापाठी पाणी साचून पिकं पिवळी पडली, उन्हाळ्यात बांधालाच भेगा गेल्या आणि पुढच्या पावसात ते फुटले. फुटलेल्या बांधातनं एका जागी पाण्याचा लोंढा गेला की पूर्वी चार वर्षांत जायची ती माती एका रात्रीत जाते. कित्येकांनी रात्री जाऊन बांधाला स्वतःच खांड पाडली. त्यांना अडाणी म्हटलं गेलं. पुढं भारी जमिनीसाठी थोडा ढाळ दिलेले बांध सुचवले गेले, पाणी सावकाश बाहेर काढणारे. म्हणजे खांड पाडणारा अगदीच अडाणी नव्हता, त्याचं हत्यार तेवढं चुकीचं होतं. आमची जुनी ताल दगडांची रचलेली, तिच्यातनं पाणी झिरपायचं आणि माती अडायची. पण अशा ताली घालायला दगड लागतो, पिढ्या लागतात, आणि दुष्काळी कामावर मजुरी घनफुटाच्या मातीवर मिळते.

चौऱ्याहत्तरच्या माघात आमच्याकडं त्या वर्षी हुरडा झाला नाही. गूळभेंडीचं एकही कणीस कोवळं मोडू द्यायचं नाही असा हुकूम होता. आम्ही पोरं गोफण घेऊन पाखरं राखायला बसायचो आणि त्या ओळींकडं बघून गप्प राहायचो. काढणीला आज्जीनं निवड केली नाही. एरवी इतकी चोखंदळ, पण तेव्हा लहान-मोठं, वाकडं, अर्धं भरलेलं, होतं ते प्रत्येक कणीस घेतलं. मी विचारलं तर म्हणाली, "औंदा येवडंच गोत हाय. म्होरल्या साली निवडू." ताटं कमी उरली की त्यातही निवड करत बसलं तर वाणातली विविधता आणखी आक्रसते. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही संस्था त्याच १९७२ साली निघाली. तिच्या जनुकपेढीत आज जगभरातले ज्वारीचे चाळीस हजारांच्या आसपास नमुने उणे वीस अंशांवर ठेवलेले आहेत. तिथंही ठरावीक वर्षांनी बी तपासतात आणि उगवण उतरली की पुन्हा रानात लावून नवं बी धरतात. लावताना शक्य तितकी ताटं ठेवायची आणि सगळ्यांचं बी घ्यायचं, असा त्यांचाही नेम आहे.

पुढच्या चार-पाच वर्षांत गूळभेंडी पूर्ववत झाली. इतर घरांतल्या बऱ्याच जातींचं तसं झालं नाही. दगडी, लाह्यांची ज्वारी, अशी नावं मी लहानपणी ऐकली. त्र्याहत्तरनंतर आमच्या वाडीवर ती कुणाच्या रानात दिसली नाहीत. १९७६ मध्ये महाबीज निघालं, पिशवीतलं बी वेळेवर मिळायला लागलं, वाढीदिढीचा जाच संपला. हे लहान काम नव्हतं, आणि ज्यांनी दिढीनं बी आणलेलं आहे ते पिशवीला नावं ठेवणार नाहीत. उतरंडीही मग एकेका घरातनं मोडल्या. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते मालदांडीच्या जोरावर.

आज्जी जाऊन खूप वर्षं झाली. मडकं गेलं, त्याच्या जागी आता प्लॅस्टिकचा घट्ट झाकणाचा ड्रम आहे. राख अजून घालतात. गॅस आल्यापासून ती शेजारच्या आचाऱ्याकडनं आणावी लागते. माझी पुतणसून दर वैशाखात दाणा दाताखाली धरून बघते, कट्ट वाजला की वाळला. गेल्या संक्रांतीला तिच्या माहेरची माणसं हुरड्याला आली होती. जाताना त्यांनी बी मागितलं, तेव्हा तिनं आढ्याच्या सहा जुड्यांतली एक सोडून दिली आणि सांगितलं, "पानी तुंबतंय तिथं लावू नका."